जोगबनीऐवजी रक्सौल

विमानतळाच्या काचेच्या दारापाशी बाबांनी माझी फाईल तिसऱ्यांदा उघडली. पासपोर्ट, तिकीट, कंपनीचं पत्र, सिंगापूरहून आलेली एम्प्लॉयमेंट पासची, म्हणजे तिथल्या नोकरीच्या परवान्याची, प्राथमिक मंजुरी, पदवीच्या प्रमाणपत्राच्या दोन प्रती. प्रत्येक कागदावर बोट ठेवून त्यांनी माझं नाव वाचलं. स्पेलिंग सगळीकडे सारखं आहे ना, ते पाहिलं. आई बाजूला मुगवड्यांची पिशवी घेऊन उभी होती आणि ती पिशवी सामानात बसवायची कशी, याच विचारात होती. दारावरचा रक्षक म्हणाला, "काका, जाऊ द्या आता मॅडमला." तेव्हा बाबांनी फाईल माझ्या हातात दिली आणि म्हणाले, "वाचल्याशिवाय कुठं सही करू नको. अन् पोहोचली का फोन करजो."

बस, एवढंच. डोक्यावर हात नाही, डोळ्यांत पाणी नाही. आईनं मात्र दाराच्या अलीकडून तीनदा हाक मारली आणि तिन्ही वेळा एकच सांगितलं, की पिशवी उलटी धरू नको.

२०१२ साल होतं. मी सव्वीस वर्षांची होते. आमच्या घरातून परदेशी जाणारी मी पहिलीच. बाबांची कागदांची ही सवय मात्र जुनी होती. नागपूरच्या कंटेनर डेपोत एका ठेकेदाराकडे ते टॅली क्लार्क होते. कुठला कंटेनर आला, त्याचा नंबर काय, दाराला सील कुठलं, आत नग किती, हे सगळं वहीत उतरवणं हे त्यांचं काम. समुद्र त्यांनी पाहिलेला नव्हता, पण जहाजावर चढणारा माल त्यांच्या हाताखालून जायचा. मी वाणिज्य शाखेतून पदवी घेतली, मुंबईत मालवाहतुकीच्या कंपनीत तीन वर्षं काढली आणि तिथून सिंगापूरची नोकरी मिळाली, यात त्यांच्या त्या वहीचा हात आहेच.

हे मी तिकडे राहिलेल्या माझ्या भावंडांसाठी लिहिते आहे, आणि माझ्यासारखे इकडे आलेत त्यांच्यासाठीही. "तू तिथं नेमकं करते काय?" असं तुम्ही मला दर दिवाळीला विचारता आणि मी "शिपिंग" म्हणून विषय संपवते. एकदा नीट सांगते.

आमचं ऑफिस तंजोंग पगारला, चौदाव्या मजल्यावर. खिडकीतून बंदराच्या क्रेन दिसायच्या. पहिले आठ दिवस मी चहा घ्यायच्या निमित्तानं खिडकीशी जायचे. एका जहाजावरून इतके कंटेनर इतक्या मुकाट्यानं उतरतात, हे मला नवं होतं. आमच्याकडे डेपोत एक कंटेनर हलवायचा तर दहा माणसं ओरडायची.

माझ्या वरिष्ठ मिसेस लिम. पन्नाशीच्या, बारीक केस कापलेल्या, बोलणं तोडून टाकल्यासारखं. पहिल्या दिवशी त्यांनी विचारलं, "यू फ्रॉम मुंबई?"

"नागपूर," मी म्हटलं.

"गॉट पोर्ट?"

"ड्राय पोर्ट, मॅडम. समुद्र नाही, पण कंटेनर येतात. रेल्वेनं."

"पोर्ट अल्सो कॅन बी ड्राय, आह?" त्या हसल्या. आणि कुणालाच नको असलेलं टेबल त्यांनी मला दिलं.

ते टेबल होतं नेपाळ, भूतान, लाओस आणि मंगोलियाचं. शाळेच्या भूगोलात आपण ज्यांना भूवेष्टित देश म्हणून पाठ केलं होतं, ते. तेव्हा एका मार्काची रिकामी जागा भरली की काम संपायचं. इथे आल्यावर त्या शब्दाचा अर्थ कळला. सिंगापूरच्या व्यापाऱ्याचा माल जहाजावरून सकाळी उतरला की दुपारपर्यंत गोदामात. नेपाळच्या व्यापाऱ्याचा माल जहाजातून उतरतो तो दुसऱ्याच देशात. कोलकात्याच्या बंदरावर तो माल भारताचा नसतो आणि नेपाळचाही अजून झालेला नसतो. तिथून सरहद्दीपर्यंत तो परक्या जमिनीवरून जाणार, म्हणून प्रत्येक पायरीवर कागद. बँकेचा कागद, जहाज कंपनीचा कागद, बंदरातल्या कस्टम्सचा कागद, सरहद्दीवरचा कागद. आणि या सगळ्या कागदांवर प्रत्येक शब्द सारखा हवा. एका ठिकाणी जरी वेगळा निघाला तरी माल जागच्या जागी थांबतो. यात कुणाचा दुष्टपणा नसतो. वाटेत माल उतरवून कुणी विकू नये म्हणून हे नियम केलेले आहेत. पण ज्याच्या देशाला किनारा नाही त्याच्या प्रत्येक वस्तूला ही सगळी उस्तवार करावी लागते, मग ती सुई असो की ट्रॅक्टर.

हे टेबल माझ्या आवडीचं झालं. ऑफिसात बाकी सगळे बंदरांची नावं घ्यायचे, मी सरहद्दीच्या गावांची: रक्सौल, जोगबनी, लाओसच्या वाटेवरचं नोंग खाई. रक्सौल-जोगबनीच्या एजंटांशी हिंदीत बोलताना मला घरच्यासारखं वाटायचं.

घराचं म्हणाल तर सेम्बावांगला एका एचडीबी, म्हणजे सरकारी वसाहतीतल्या, फ्लॅटमध्ये मी खोली घेतली होती. घर पुण्याच्या एका जोडप्यानं भाड्यानं घेतलेलं. माणसं चांगली. फक्त मी "मी करून राहिली" म्हटलं की ते दोघं एकमेकांकडे बघून हसायचे. त्यात वाईट हेतू नव्हता. पण वर्षभरात माझी भाषा सपाट झाली. महाराष्ट्र मंडळाच्या कार्यक्रमात कुणी विचारलं, "तुम्ही मूळच्या पुण्याच्या का?" तर मला आधी आनंद झाला आणि मग घरी येताना एमआरटी मेट्रोत त्या आनंदाची लाज वाटली. रविवारी मात्र विदर्भातली आठ-दहा कुटुंबं वंदनेला एकत्र जमायची. तिथे "जय भीम, कशी आहे?" असं कुणी विचारलं की जीभ आपोआप मोकळी व्हायची.

आता ती गोष्ट.

माझं तिसरं वर्ष होतं. नेपाळच्या विराटनगर गावातल्या एका छापखान्याचं काम आमच्याकडे आलं. इंडोनेशियातून छपाईचा कागद, चार कंटेनर, सिंगापूरला जहाज बदलून कोलकात्याला, आणि तिथून रस्त्यानं जोगबनीच्या सरहद्दीवरून पलीकडे विराटनगर. छापखाना मीना दीदी चालवायच्या. त्यांना मी पाहिलेलं नव्हतं, फोनवरच ओळख. खर्जातला आवाज, हिंदी स्वच्छ. त्यांच्या भागातल्या शाळांची पुस्तकं छापायचं काम त्यांना पहिल्यांदाच मिळालं होतं. नेपाळमध्ये शाळा वैशाखात, म्हणजे एप्रिलच्या मध्याला सुरू होते. "बहनजी, कागज़ जनवरी में चाहिए," त्या म्हणाल्या होत्या. "हर साल किताब देर से आती है। इस साल नहीं आएगी।"

मी त्यांना शब्द दिला. कागद जानेवारीच्या तिसऱ्या आठवड्यात कोलकात्याला उतरलाही.

चार दिवसांनी कोलकात्याचे आमचे एजंट घोषबाबू यांचा फोन आला. साठीचे गृहस्थ, दोन माणसांचं छोटंसं ऑफिस, दर दोन-चार वाक्यांनी "बुझलेन?", म्हणजे समजलं ना, असं विचारणारे. ते म्हणाले, "मॅडम, बँकेच्या पत्रात जोगबनी आहे आणि तुमच्या जहाजाच्या कागदात रक्सौल. माल जाणार कुठून?"

मी फाईल उघडली. जहाजाच्या मुख्य कागदावर, माल ज्या सरहद्दीतून जाणार त्या जागेपुढे, रक्सौल लिहिलेलं होतं. तो कागद मीच केला होता. आधीच्या महिन्यात काठमांडूचा माल रक्सौलवरून गेला होता, त्याचीच फाईल उघडून मी नावं बदलली होती. नाव बदललं, वजन बदललं, कंटेनरचे नंबर बदलले. सरहद्द बदलायची राहिली. रक्सौल आणि जोगबनी दोन्ही बिहारमध्येच, पण एक पश्चिमेला आणि एक पार पूर्वेला.

दुरुस्ती करायची तर जहाज कंपनीकडून नवा कागद, बंदराच्या नोंदीत बदल, नेपाळच्या बँकेकडून मुदत वाढवलेलं नवं पत्र, आणि हे सगळं मूळ प्रतींमध्ये, कुरिअरनं. मी मनाशी हिशेब केला. लवकरात लवकर म्हटलं तरी महिना.

शेजारच्या टेबलावरचा सहकारी माझा चेहरा बघून खुर्ची सरकवत आला. त्यानं फाईल पाहिली आणि हळूच म्हणाला, "हे घोषबाबूंना जहाज निघायच्या आधी कच्चं पाठवलं होतंस ना? मग त्यांनी तपासायला हवं होतं. तसं लिहून टाक. ते म्हातारे आहेत, त्यांना काय फरक पडतो? तुझा पास या मार्चमध्ये रिन्यू व्हायचाय."

कच्चा कागद मी घोषबाबूंना पाठवला होता, हे खरं होतं. त्यांनी "ठीक आहे" म्हणून उत्तर दिलं होतं, हेही खरं. म्हणजे मी लिहिलं असतं ते सरळ खोटं ठरलं नसतं. मिसेस लिमनी दुसरा एजंट पाहिला असता. घोषबाबूंचं निम्मं काम आमच्याकडचं होतं.

जेवणाच्या सुट्टीत मी खाली हॉकर सेंटरला गेले, पण काही घेतलं नाही. तिथल्याच एका टेबलाशी बसून बाबांना फोन लावला. कामाच्या दिवशी भर दुपारी मी कधी फोन करत नसे, म्हणून ते आधी घाबरले. मी सगळं सांगितलं. सहकाऱ्याचं म्हणणंही सांगितलं. मला वाटलं होतं, ते माझ्यावर चिडतील. वाचल्याशिवाय सही केली म्हणतील.

त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "तुले शेंडे काका आठवते काय?"

शेंडे काका मला आठवत होते. डेपोत बाबांच्या बरोबर होते. कंटेनरच्या दाराला सील लावायचं काम त्यांचं. लहानपणी घरी यायचे, मला खांद्यावर घ्यायचे. मी नववीत असताना त्यांचं येणं थांबलं. त्यांचं काम सुटलं आणि ते कामठीला गेले, एवढंच मला माहीत होतं.

"त्याचं काम सुटलं नाही," बाबा म्हणाले. "सोडवलं. अन् ते माह्यामुळे."

मग त्यांनी सांगितलं. सुताचा एक कंटेनर होता. सीलचा नंबर वहीत उतरवताना बाबांनी दोन आकडे उलटे लिहिले. कंटेनर मुंबईच्या बंदरावर गेला, तिथे सील आणि कागद जुळेना, जहाज निघून गेलं. ठेकेदारानं दोघांना उभं केलं. चूक लिहिणाऱ्याची की सील लावणाऱ्याची, एवढाच प्रश्न होता. बाबा म्हणाले, मी दिसलं ते लिहिलं, सील लावताना बदललं असेल. शेंडे काकांना लिहिता-वाचता फारसं येत नव्हतं. ते काही सिद्ध करू शकले नाहीत. संध्याकाळी त्यांना घरी पाठवलं.

"तवा तू नववीत होती," बाबा म्हणाले. "तुह्या शिकवणीचं, घराचं, सगळंच डोक्यात होतं. आज सांगून राहिलो, पण ते कारण म्हणून नाई सांगत. मी तवापासून सगळे कागद तीनदा पाहतो. पण त्यानं त्याचं काम थोडीच परत आलं."

आमच्या घरात खोटं बोलल्यावर मार मिळायचा, आणि तो बाबांच्याच हातचा.

"तुह्या मनात आलं ते कर," ते म्हणाले. "मी तुले सांगायच्या लायकीचा नाई या बाबतीत. पण चूक घोषबाबूवर ढकलली, तर त्याचा फोन आता उचलून राहिली ना, तो पुढं कधी उचलता येणार नाई तुले. एवढं मले माहीत आहे."

फोन ठेवून मी वर गेले आणि सरळ मिसेस लिमच्या खोलीत शिरले. फाईल त्यांच्यासमोर ठेवली आणि सांगितलं की चूक माझी आहे, जुनी फाईल उघडून नवी केली, सरहद्द बदलायची राहिली. घोषबाबूंच्याही नजरेतून सुटलं, पण लिहिलं मी.

त्यांनी चष्मा काढला. "यू टेल कस्टमर ऑलरेडी?"

"नाही. आधी तुम्हाला सांगायला आले."

"टेल हर नाऊ. नॉट ईमेल. फोन." मग थोडं थांबून, "यू मेक, सो यू फिक्स. पेपर्स रेडी, यू गो कोलकाता. सिट देअर. बॉक्स मूव्ह, देन यू कम बॅक." कंटेनरला त्या बॉक्सच म्हणायच्या.

"माझा पास..." मी म्हटलं.

"फर्स्ट द बॉक्स लाह," त्या म्हणाल्या आणि चष्मा लावून दुसऱ्या कागदाकडे वळल्या.

मीना दीदींना फोन केला तेव्हा पलीकडे छपाईचं यंत्र चालू होतं. मी माझी चूक सांगितली. त्यांनी कुणाला तरी यंत्र बंद करायला सांगितलं आणि मला पुन्हा सांगायला लावलं. मी पुन्हा सांगितलं. त्यांनी आवाज चढवला नाही. फक्त विचारलं, "कितने दिन?" मी म्हटलं, महिना. त्यांनी फोन ठेवला.

जहाज कंपनीचा नवा कागद आणि बंदराच्या नोंदीची दुरुस्ती यात तीन आठवडे गेले. मग मी कोलकात्याला गेले. घोषबाबूंचं ऑफिस दुसऱ्या मजल्यावर, लाकडी जिन्याचं, पंख्याखाली फायलींवर पेपरवेट म्हणून दगड. त्यांना मिसेस लिमनी सगळं कळवलेलं होतं. ते उठून उभे राहिले, मला खुर्ची दिली आणि म्हणाले, "चूक मीही पाहिली नाही, मॅडम. पण तुम्ही माझं नाव पुढे केलं नाही. मी या धंद्यात चाळीस वर्षं आहे. बुझलेन?" एवढं बोलून त्यांनी मला काचेच्या ग्लासात चहा दिला आणि आम्ही दोघं बंदराकडे निघालो.

तिथे मी नऊ दिवस होते. एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर. नेपाळच्या बँकेचं पत्र चुकीच्या तारखेचं आलं, ते परत मागवलं. सगळेजण आपापलं काम नियमानंच करत होते, कुणी अडवतही नव्हतं. पण एक कागद हलला की दुसरा त्याची वाट पाहत बसायचा. दहाव्या दिवशी चार ट्रेलर बंदराच्या फाटकातून बाहेर पडले. त्यांच्या दारांची सीलं मी एकेक करून पाहिली आणि नंबर मोठ्यानं वाचला. घोषबाबूंनी कागदावर बरोबरच्या खुणा केल्या.

मी विमानानं बागडोगऱ्याला गेले आणि तिथून गाडीनं जोगबनीला. ट्रेलर दोन दिवसांनी पोहोचले. सरहद्द म्हणजे काहीतरी मोठं असेल असं मला वाटलं होतं. प्रत्यक्षात एक अरुंद रस्ता, दोन्ही बाजूंना दुकानं, सायकलवरून भाजी घेऊन ये-जा करणारी माणसं, आणि त्या सगळ्यांच्या मधोमध मैलभर थांबलेले ट्रक. सायकलवाल्याला पलीकडे जायला मिनिट लागत होतं. ट्रकवाले रस्त्याकडेला स्टोव्ह पेटवून भात शिजवत होते. एकानं सांगितलं, "आज पाँचवाँ दिन है।"

आमच्या ट्रेलरांना तीन दिवस लागले. पलीकडे मीना दीदी उभ्या होत्या. माझ्याच उंचीच्या, सुती साडी, बोटांना शाई. मी नमस्कार केला. त्यांनी आधी कंटेनर उघडून कागद हातानं चाचपला, ओल लागली आहे का पाहिलं, आणि मग माझ्याकडे वळल्या.

"आपने सच बोला, अच्छा किया," त्या म्हणाल्या. "लेकिन बच्चों का एक महीना तो जाएगा ही।"

मी म्हटलं, "हाँ दीदी।" त्यांनी मला छापखान्यात नेलं, डाळ-भात वाढला, आणि मी जेवत असतानाच यंत्र सुरू झालं. लहान वर्गांची पुस्तकं वैशाखात वेळेवर निघाली. मोठ्या वर्गांची जेठ महिन्यात. तोवर ती मुलं वरच्या मुलांच्या जुन्या पुस्तकांवर शिकली. आणि पुढल्या वर्षी मोठ्या वर्गांचं काम दीदींना मिळालं नाही. हे त्यांनीच मला नंतर फोनवर सांगितलं, तक्रार न करता. आजही त्या छापखान्याचं नाव एखाद्या कागदावर दिसलं की तो कागद मी पुन्हा पहिल्यापासून वाचते. दीदी आमच्यामार्फतच माल मागवतात. बोलतात मोजकं.

परत येताना मी दोन दिवसांची रजा मागून घेतली आणि कोलकात्याहून नागपूरला गेले. बाबा स्टेशनवर न्यायला आले होते. स्कूटरवर बसल्यावर त्यांनी घराकडे न वळता गाडी कामठीच्या रस्त्याला लावली.

"मी मागच्या रविवारी गेलो होतो शेंडेकडे," ते पुढे बघत म्हणाले. "आज तुले घेऊन जातो. त्यानंच सांगितलं, पोरीले आण म्हणून."

वाटेत एका टपरीवर आम्ही थांबलो तेव्हा त्यांनी पहिल्या भेटीचं सांगितलं. शेंडे काकांचं घर शोधायला त्यांना अर्धा दिवस लागला होता. डेपोतून गेल्यावर काकांनी बरीच वर्षं विटांच्या भट्टीवर काम केलं आणि आता मुलाच्या पंक्चरच्या दुकानात बसतात. बाबांनी दुकानात उभ्या उभ्याच सांगून टाकलं, की तो नंबर मी उलटा लिहिला होता.

"मंग?" मी विचारलं. कितीतरी दिवसांनी तो शब्द माझ्या तोंडून असा आला.

"मंग तो म्हणाला, मले तवाच माहीत होतं बे. वही मी नंतर दुसऱ्याकडून वाचून घेतली होती." बाबांनी चहाचा ग्लास खाली ठेवला. "म्हणाला, मी वाट पाहून राहिलो होतो, तू कधी येतो म्हणून. पहिल्या वर्षी आला असता तर मी तुले मारलं असतं. आता हातात तेवढा जोर नाई."

आम्ही पोहोचलो तेव्हा शेंडे काका दुकानाबाहेर खुर्ची टाकून बसले होते. केस पिकलेले, खांदे तेवढेच रुंद. मला पाहून म्हणाले, "आली काय सिंगापूरवाली?" आणि मुलाला आत खुर्ची आणायला पाठवलं. त्यांनी मला सगळं विचारलं. जहाज किती मोठं असतं, क्रेन चालवणारा माणूस किती उंचावर बसतो, सील अजून तसंच लावतात का. मी मोबाईलवर नव्या सीलांचे फोटो दाखवले. त्यांनी ते डोळ्यांजवळ नेऊन पाहिले आणि बाबांना दाखवत म्हणाले, "हे पाय, आता यात उलटं लिहायची सोय नाई ठेवली." दोघंही हसले. बाबा आधी थोडे बिचकून, मग मोकळे.

चहा मुलानं आणला. शेंडे काकू घरातच होत्या, दाराचा पडदा हलताना दिसत होता. पण त्या बाहेर आल्या नाहीत. निघताना मी पडद्याकडे तोंड करून म्हटलं, "काकू, येतो." आतून कुणीतरी पडदा नीट ओढून घेतला. बाबांनी ते पाहिलं आणि स्कूटर सुरू करताना म्हणाले, "बरोबर आहे तिचं."

सिंगापूरला परतल्यावर मिसेस लिमनी माझा पास रिन्यू करायला पाठवला. त्याच आठवड्यात त्यांनी मला नियम लिहायला लावला. आमच्या टेबलावर आता जुनी फाईल उघडून नवी करता येत नाही. नव्या मालाचा पहिला प्रश्न सरहद्द कुठली, हा असतो, आणि तो ग्राहकानं स्वतःच्या शब्दांत लिहून दिल्याशिवाय पुढची ओळ भरायची नाही. एक लिहितो, दुसरा मोठ्यानं वाचतो. ऑफिसातल्या मुली सुरुवातीला हसायच्या, आता त्याही वाचतात, आपापल्या उच्चारात. "जोगबनी"चं "चोगपानी" होतं, पण चुकत नाही.

नंतरच्या वर्षांत बाकीचंही हळूहळू बदलत गेलं. कंटेनरला असं कुलूप आलं की माल कुठे आहे हे पडद्यावर दिसतं, म्हणून निम्मे कागद गळाले. सरहद्दीवर ट्रकांसाठी वेगळं, मोठं आवार झालं. जिथे महिना लागायचा तिथे काही वेळा आठवडा पुरतो. काही वेळा नाही. एका देशाचा माल दुसऱ्या देशातून जातो तेव्हा त्याला यंत्रांपेक्षा माणसांचाच भरवसा जास्त लागतो, हे मी अजूनही पाहते.

माझंही बदललं. लग्न झालं, ते रविवारच्या वंदनेत भेटलेल्या वर्ध्याच्या मुलाशी. आम्ही सेरंगूनला फ्लॅट घेऊन राहतो. मुलगी तीन वर्षांची आहे, मराठीत विचारलं तर इथल्या इंग्रजीत "कॅन लाह" म्हणते. मी तिच्याशी नागपुरीतच बोलते आणि पुण्याची मंडळी घरी आली तरी बदलत नाही.

मध्यंतरी कुणीतरी विचारलं, आता घर कुठलं, इथलं की तिथलं? रोज संध्याकाळी चावी लावते ते दार सेरंगूनला आहे आणि तिथून निघावं असं वाटत नाही. पण कामात काही चुकलं की मी अजूनही भर दुपारी फोन नागपूरलाच लावते. बाबा आता घाबरत नाहीत. टीव्हीचा आवाज कमी करतात आणि म्हणतात, "सांग, काय करून बसली?"

आणि मी सांगते.